राजधानीत कर्ता, जिल्ह्यात नमुना

सोलापूर महानगरपालिकेचा कारभार ज्या इंद्रभुवनातून चालतो, ती इमारत कोणत्याही सरकारी खात्याने बांधलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अप्पासाहेब वारद या सोलापुरातल्या धनिकाने ती स्वतःच्या राहण्यासाठी उभारली. कमानी, खांब, चुन्यातले मूर्तिकाम, दर्शनी भागावर जागोजागी कारागिराचा हात फिरलेला. पुढे ती नगरपालिकेकडे आली, १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि आता पाहुण्याला गावातली भारदस्त सार्वजनिक इमारत दाखवायची म्हटले की सोलापूरकर त्याला इंद्रभुवनासमोरच आणून उभा करतो. शहराचा सार्वजनिक चेहरा असा एका नागरिकाच्या घराकडून घेतलेला आहे. सरकार मात्र इथे १८१८ मध्ये पेशव्यांचा किल्ला पडल्यापासून होते. जिल्ह्याचे ठाणे म्हणून कचेरी, न्यायालय, तुरुंग, इस्पितळ, शाळा, डाकबंगले, चौक्या असे बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. तरी त्यातल्या एखाद्या इमारतीचा कर्ता म्हणून कुणाचे नाव सोलापूरच्या तोंडी नाही. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलालाही जॉर्ज विटेट हे नाव सांगितले जाते. हा फरक सोलापूरकरांच्या विसरभोळेपणाचा आहे, असे मला वाटत नाही. सरकारी वास्तुविशारद या पदाची आखणीच अशी झाली होती की कर्ता राजधानीत राहावा आणि जिल्ह्याला नमुना मिळावा. त्या आखणीचे परिणाम आपण अजून वापरतो आहोत, म्हणून तिचा इतिहास नीट पाहायला हवा.

आधी पद कसे जन्मले ते पाहू. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, १८५४ मध्ये, लष्करी मंडळांकडचे बांधकाम काढून सार्वजनिक बांधकाम खाते सुरू झाले. खाते नवे असले तरी माणसे बहुतेक लष्करी इंजिनीअरच होती. मुंबईचे जुने सचिवालय हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अधिकाऱ्याचे, उच्च न्यायालय कर्नल फुलर यांचे. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केले आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत. जेम्स ट्रबशॉ यांच्यासारखा एखादा वास्तुविशारद नेमला गेला तो मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवरच्या कामासाठी. संपूर्ण मुंबई इलाख्याच्या इमारतींकडे पाहणारा वास्तुविशारद सरकारच्या पटावर आला तो थेट १९०१ मध्ये, जॉन बेग यांच्या रूपाने, आणि पदाचे नाव ठेवले गेले सल्लागार वास्तुविशारद. या नावातच पदाची मर्यादा होती. सल्लागाराकडे विचारणा यावी लागते. विचारणा करायची की नाही हे इंजिनीअर आणि सचिवालय ठरवणार, आणि ते ठरते खर्चाच्या आकड्यावर व इमारतीच्या प्रतिष्ठेवर. तालुक्याच्या कचेरीसाठी वा पोलीस चौकीसाठी अशी विचारणा होण्याचे प्रयोजनच नव्हते.

बेग यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या विटेट यांच्या कारकिर्दीकडे सोलापुरातून पाहिले की एक गोष्ट मुंबईहून पाहताना जाणवते त्यापेक्षा जास्त टोचते. बेग यांनी मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस रचले. १९१३ मध्ये ते पुरे झाले, आणि त्याच्या मधल्या घुमटाचे मूळ विजापूरच्या गोलघुमटात आहे हे सर्वमान्य आहे. विटेट यांनी १९०९ च्या स्पर्धेत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे काम मिळवले. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा तो घुमटही विजापूरकडे पाहूनच घडला. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होते आणि संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी उघडली. विजापूर सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला गेला, हा इतिहास इथल्या मुलांना पाठ असतो. १८६४ मध्ये कलादगी हा वेगळा जिल्हा होईपर्यंत विजापूरचा काही मुलूख सोलापूरच्या कलेक्टरच्या अखत्यारीत होता. महंमद आदिलशहाच्या कबरीवरचा तो घुमट, आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा, एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी गोलाकाराचा भार चौकोनी दालनावर नेणारा, ही या दख्खनच्या काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या मुलखाची बुद्धी होती. सरकारी वास्तुविशारदाने ती मोजली, तिचा अभ्यास केला आणि मुंबईच्या समुद्रकाठी नेऊन उभी केली. ज्या मुलखातून ही विद्या गेली, त्या मुलखाकडे तिच्यातले काही परत आले नाही. विटेट यांच्या ज्या वास्तूंनी त्यांचे नाव झाले, त्या बहुतेक मुंबईत आहेत. पुण्याचे शेतकी महाविद्यालय हा ठळक अपवाद. दख्खनच्या जिल्ह्यांनी शैली दिली आणि त्यांना मिळाला नमुना आराखडा.

नमुना आराखडा म्हणजे काय, हे बांधकाम खात्यात काम केलेल्याला सांगायला नको. चौकीसाठी एक कागद, शाळेसाठी एक, डाकबंगल्यासाठी एक, नोकरांच्या निवासासाठी एक. जागा ठरली की कागद काढायचा, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करायचे, प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा. इमारत उभी राहताना तिचे चरित्र लिहिले जाते ते मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे खाते एम. बी. म्हणते. त्याचे पान डोळ्यांसमोर आणा. डावीकडे कामाचा तपशील, मग संख्या, लांबी, रुंदी, उंची, शेवटी परिमाण. भिंत आधी सलग मोजतात, जणू तिला एकही भोक नाही. मग खाली वजावट येते: दारे, खिडक्या, कमानीखालची मोकळी जागा. राहणाऱ्याच्या दृष्टीने खिडकी म्हणजे उजेड, वारा, रस्त्यावरून येणारी हाक. या पुस्तकात ती उणे चिन्ह लावून येते. हिशेबाची ती पद्धत चुकीची नाही. पैसा सार्वजनिक आहे, पै-पैचा जाब द्यायचा आहे, म्हणून मोजमाप असे कडक हवेच. पण ज्या व्यवस्थेत इमारतीबद्दलचे एकमेव काटेकोर लिखाण हे असते, तिथे खिडकी इथेच का, उगवतीला का मावळतीला, हा प्रश्न लिहायला रकाना उरत नाही. त्या पुस्तकावर सही ओव्हरसियरची, तपासणी उपअभियंत्याची. रचना कुणाची, हे विचारलेलेच नसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. राजधानीत दिमाख आणि जिल्ह्यात साधेपणा हे कुठल्याही राज्यात असते, त्यात तक्रार कसली? आक्षेपात तथ्य आहे, पण सोलापूरला तो लावताना सांभाळून लावावा. हे काही आडगाव नव्हते. १८६० मध्ये रेल्वे इथे पोचली, १८७१ पर्यंत ती रायचूरला गेली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, उभी राहिली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्यांनी शहराचे आकाश चिमण्यांनी भरून टाकले. महसूल देणारे, माणसे ओढणारे, वाढते शहर होते हे. शिवाय भव्यतेची मागणी इथे मी करतच नाही. वास्तुविशारदाचे लक्ष आणि इमारतीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या शाळेलाही जागा पाहून वळण देता येते, त्याला घुमट लागत नाही. लक्ष देण्याचा अधिकार असलेला माणूस मुंबईत होता आणि त्याच्या लक्षाचे मोल इमारतीच्या किमतीवर ठरत होते, इतकेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो सोलापूरच्या मातीतूनच येतो. दुष्काळी जिल्ह्याला सरकारने घुमट कशाला द्यायचे? पाणी द्यायचे. आणि ते दिलेही. शहराच्या उत्तरेला आदिला नदीवर बांधलेला एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१ मध्ये पुरा झाला. धरण दोन किलोमीटरहून लांब, उंची सुमारे २१ मीटर, बहुतांश मातीचे. त्या पाण्यावर शेते भिजली आणि शहराची तहानही भागली. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा जिल्हा होरपळला. त्या दुष्काळानंतरच्या वर्षांत आष्टीचा तलाव उभा राहिला. दुष्काळी कामांवर माती वाहणाऱ्या माणसांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी इतकी खाली आणली की लोक कामे सोडून निघाले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारला निवेदनांवर निवेदने पाठवली. दुष्काळी कामांच्या भरावात ती उपासमारही आहे, हे विसरू नये. तरीही सरकारी रचनाकाराने सोलापूर जिल्ह्यात केलेले सर्वोत्तम काम कोणते, असे विचारले तर मी एकरुखचे नाव घेईन, कोणत्याही कचेरीचे नाही.

पण हा आक्षेप मान्य करताच तो माझ्या बाजूला येऊन उभा राहतो. धरणाचा नमुना आराखडा असू शकत नाही. प्रत्येक खोऱ्याची पाहणी वेगळी, पाया कुठे लागतो ते खणूनच कळते, सांडवा कुठे काढायचा हे त्या टेकडीच्या उतारावर ठरते, काळी माती भेगाळते म्हणून भरावाच्या पोटात काय घालायचे आणि पाठीवर काय, हे तिथल्या मातीला विचारावे लागते. म्हणजे त्याच खात्याला, त्याच जिल्ह्यात, त्याच इंजिनीअरांकडून जागेपाशी बसून विचार करवून घेता येत होता. पाण्याच्या बाबतीत तो केल्याशिवाय गत्यंतर नव्हते, कारण चूक झाली तर बांध फुटतो. इमारतीच्या बाबतीत चूक झाली तर फक्त माणसे उन्हात रांगेत उभी राहतात. ती चूक कुठल्याच पुस्तकात नोंदवली जात नाही, आणि म्हणून ती टाळण्याची निकडही कुणाला वाटली नाही. खात्याकडे बुद्धी नव्हती असे कुणी म्हणू नये. ती कुठे खर्चायची याचा निर्णय झालेला होता.

नमुन्याचेही गुण होते, ते मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. जुन्या सरकारी इमारतींच्या जाड दगडी भिंती, उंच छत, छताजवळचे झरोके आणि चारी बाजूंनी फिरणारा व्हरांडा सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४२-४३ अंशांवर असताना, आजही बसण्यासारखा असतो. त्यात वापरलेला चुना घाणीत मळलेला असे. गोल खणलेल्या चरात वाळू आणि चुना टाकून बैलाच्या ओढीने दगडी चाक त्यावरून फिरवत राहायचे, हाताला तो लोण्यासारखा लागेपर्यंत. पायाखाली शहाबादी फरशी, शहाबाद रायचूरच्या लोहमार्गावर असल्याने सहज मिळणारी. हे सगळे खरे आहे. पण यातले मुंबईच्या कागदावरून किती आले आणि वडारांच्या, पाथरवटांच्या आणि गवंड्यांच्या हातातून किती आले, याचा विचार केला की श्रेय कागदाकडे कमी जाते. दगड कोणत्या अंगाने फुटतो आणि कुठल्या खाणीचा ऊन-पाऊस खातो हे नकाशावर लिहिलेले नव्हते. पुढे सिमेंट आले, लोखंडी सळई आली, भिंत नऊ इंचांची झाली, छत खाली आले, व्हरांडा खर्चिक म्हणून गळाला. नमुना तसाच राहिला आणि त्याला तारून नेणारे कारागिरीचे ज्ञान तेवढे वजा झाले. नमुन्याचा गुण वाटत होता तो बराचसा उसना होता, हे तेव्हा उघड झाले.

या पदांवर इथल्या माणसांना वाट किती होती, हेही पाहू. पुण्यात १८५४ मध्ये इंजिनीअरिंगचा वर्ग निघाला, आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते मूळ. पण हेतू होता खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्याचा. त्या चौकटीतही माणसे वर आली. मंचरजी कावसजी मर्झबान ट्रबशॉ यांच्या हाताखाली तयार झाले, मुंबईत सरकारी इमारतींवर त्यांनी आयुष्य घातले आणि पुढे ते मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता झाले. सीताराम खंडेराव वैद्य हे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे सहायक अभियंता होते. त्या इमारतीचे कौतुक करताना मराठी माणसाने हे नाव उच्चारायला हवे. पण या दोघांचेही कर्तृत्व फुलायला मुंबईच लागली. सोलापूरच्या कर्तबगार तरुणाला सरकारी बांधकामात शिरायचे तर दार होते ते ठेकेदारीचे. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद याच दाराने गेले. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेत घेत ते देशातल्या मोठ्या बांधकाम उद्योजकांत जाऊन बसले. सोलापूरने बांधणारा दिला, रचणारा द्यायला त्याला जागाच नव्हती. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात वास्तुकलेचा पद्धतशीर अभ्यासक्रम सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तोपर्यंत इलाख्यातल्या बहुतेक जिल्ह्यांची ठाणी बांधून झाली होती.

ज्या इमारतींना गावात कर्ता नसतो त्यांना गावात मालकही नसतो. मे १९३० मध्ये हे दिसले. गांधीजींना अटक झाल्यावर गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला आणि खवळलेल्या लोकांनी दारूची दुकाने, पोलीस चौक्या आणि न्यायालयाची इमारत यांना आगी लावल्या. १२ मेपासून शहरात लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. न्यायालय जळाले ते रचनेच्या दोषामुळे नव्हे, हे उघड आहे, आणि विटेट यांनी ते बांधले असते तर वाचले असते असा बालिश दावा मी करणार नाही. राग राजवटीवर होता. पण गर्दीने ज्या इमारती निवडल्या त्या पाहाव्यात. त्या लोकांच्या लेखी तिथे इमारत नव्हतीच, उभे होते ते सरकार. याच शहरात सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाची वसाहत आखली होती, जिथे माणसांना ओळीत घरे आणि दररोजची हजेरी होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण सोलापूरकर त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. माणसाला एका नमुन्यात बसवण्याची वृत्ती आणि इमारतीला एका नमुन्यात बसवण्याची वृत्ती सारखीच नव्हे. पण दोन्हींचा उगम एकाच टेबलावर आहे, जिथे बसलेल्याला त्या जागी राहणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही.

कुणी म्हणेल, अनामिकता ही तर आपली परंपराच. सिद्धेश्वराच्या देवळाचा, भुईकोट किल्ल्याच्या तटाचा गवंडी कोण, हे तरी कुठे ठाऊक आहे? आक्षेप सुंदर आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या जातात. किल्ल्याचा मिस्त्री अनाम असला तरी हजर होता. बुरूज ढासळला तर त्याला बोलावता येत होते, त्याच्या मुलाला बोलावता येत होते. तलावाच्या पायऱ्या कुठवर उतरवायच्या हे पाणी आटलेले पाहून तो ठरवत होता. सरकारी नमुन्याचा कर्ता गैरहजर असतो. नाव नसणे हा नम्रपणा असू शकतो. जागेवर नसणे हा कारभाराचा निर्णय असतो.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले, खाते तेच राहिले. मुंबईत ज्या रस्त्यावर आज बांधकाम भवन आहे, त्याचे नाव मर्झबान रोड. खात्यात वास्तुशास्त्रज्ञांची शाखा झाली, मुख्य वास्तुशास्त्रज्ञ हे पद आले, आणि मराठी मुलेमुली त्या नोकऱ्यांत गेली. पण जिल्ह्याच्या कामाचा प्रवास अजून बराचसा तसाच: मागणी खालून, आकडा मधून, आराखडा वरून. याला छेद देणारी गोष्ट सोलापुरातच घडली, आणि तीही नमुन्याच्याच बाबतीत. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले, ज्यातली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी ताब्यात दिली गेली. घरे एकाच छापाची आहेत. तरी तिथल्या माणसाला आपले घर कुणामुळे झाले हे ठाऊक आहे, कारण जागेसाठी मोर्चे काढले ते त्यांनी, वर्गणी भरली ती त्यांनी, सोसायटीच्या सभेला बसले तेही तेच. नमुना एकच असला तरी त्याची मागणी कुणी केली आणि त्याबद्दल कुणाला विचारायचे, हे तिथे स्पष्ट आहे. दोष नमुन्यात नव्हता, त्याच्या एकतर्फी प्रवासात होता, हे कुंभारीच्या माळाने दाखवले.

आता जिल्ह्यातली जुनी सरकारी इमारत पाडायची वेळ येते तेव्हा जी फाइल तयार होते, तिच्यात इमारतीचे वय, क्षेत्रफळ, घसारा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव असतो. दाराशी कोनशिला असेल तर तीवर ज्यांच्या हस्ते उद्घाटन झाले त्यांचे नाव, पद आणि तारीख. आराखडा काढणाऱ्या ड्राफ्ट्समनचे, जागेवर उभ्या असलेल्या ओव्हरसियरचे, कमानीचा कळीचा दगड बसवणाऱ्या मिस्त्रीचे नाव तिच्यावर नसते. कोनशिला काढून बाजूला ठेवतात, दगड लिलावात जातो.